दाखला काढून घ्या: सातपूरमधील आठवीच्या एका मुलाचे प्रकरण

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली आणि काही दिवसांतच, नोव्हेंबर २०२४ मध्ये, नाशिकमधील एका अनुदानित माध्यमिक शाळेत आठवीच्या मुलाने वर्गमित्राला स्टीलचा जेवणाचा डबा फेकून मारला. डबा भुवईवर लागला आणि टाके घालावे लागले. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी आईवडिलांना बोलावून घेतले आणि मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला त्यांनी स्वतः अर्ज करून काढून घ्यावा, असे सुचवले. अर्ज आधीच लिहून तयार होता आणि कारणाच्या जागी ‘पालकांची इच्छा’ असे शब्द होते. वडील सही करायला तयार झाले होते. आईने मात्र ‘घरी विचारून सांगते’ म्हणत कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि शेजारणीच्या ओळखीने ती आमच्या केंद्रात आली. शाळेत टिकू न शकलेल्या किंवा टिकू न दिलेल्या बारा ते अठरा वयाच्या मुलामुलींसाठी हे केंद्र सातपूरच्या एका भाड्याच्या शेडमध्ये चालते. मी तिथे समुपदेशक म्हणून काम करतो.

मुलाची, कुटुंबाची आणि शाळेची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. धाकटी बहीण मुलाला दादू म्हणते, म्हणून या टिपणातही तेच संबोधन वापरले आहे.

त्या अर्जातील ‘पालकांची इच्छा’ हे शब्द सहज आलेले नव्हते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीला परीक्षा घेऊन त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली, तरी काढून टाकण्याची मनाई कायम राहिली. त्यामुळे शाळा कोणाला काढत नाहीत; पालकच मुलाला काढून नेतात, असे कागदोपत्री दिसते. आठवी संपली की हे संरक्षणही संपते आणि आठवी संपायला दादूचे जेमतेम पाच महिने उरले होते. आम्ही आईला पहिली गोष्ट सांगितली ती एवढीच, की त्या अर्जावर सही करू नये. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन मुख्याध्यापकांची भेट घेतली. ते सज्जन आणि थकलेले गृहस्थ आहेत. वर्गात साठाच्या वर मुले, जखमी मुलाचे वडील रोज दारात आणि समुपदेशकाचे पदच नाही, अशा स्थितीत त्यांना जो मार्ग दिसला तो त्यांनी धरला होता.

शेऱ्यांच्या वहीत काय सापडले

दादूचे वर्गशिक्षक शेऱ्यांची वही ठेवत, हे आमचे भाग्य. जूनपासूनच्या सगळ्या नोंदी त्यांनी आम्हाला पाहू दिल्या. आम्ही प्रत्येक प्रसंग तीन रकान्यांत मांडला: आधी काय चालले होते, मुलाने काय केले आणि त्यानंतर काय झाले. वर्तनाच्या अडचणींवर काम करणारे लोक जगभर हीच पद्धत वापरतात आणि तिला कागद, पेन व थोडा संयम यांपलीकडे काही लागत नाही.

‘उद्धट’, ‘मारकुटा’, ‘वर्गाची शिस्त बिघडवतो’ हे शेरे एका ओळीत वाचले, तर मूल सतत तसेच वागते असा समज होतो. रकाने भरल्यावर चित्र वेगळे दिसले. बहुतेक प्रसंग मराठी, हिंदी, इंग्रजी आणि इतिहास या तासांना घडलेले होते. गणिताच्या तासाला जवळजवळ काही नव्हते आणि जे थोडे होते ते शाब्दिक उदाहरणे फळ्यावर आली त्या दिवसांचे होते. खेळाच्या तासाला एकही नोंद नव्हती. गणिताच्या सरांना विचारले तेव्हा ते म्हणाले, “माझ्याकडे त्याचा त्रास नाही हो. तोंडी हिशेबात तर पुढे असतो.” पहिल्या रकान्यात पुन्हा पुन्हा येणारी गोष्ट होती प्रकट वाचन. डब्याच्या दिवशीही इतिहासाच्या तासाला रांगेने एकेक परिच्छेद वाचणे चालू होते. दादूची पाळी दोन मुलांनंतर होती आणि पुढच्या बाकावरचा मुलगा मागे वळून, “आता बघ कसा अडकतो,” असे पुटपुटला होता.

तिसरा रकाना तर जवळजवळ एकसारखाच होता: वर्गाबाहेर उभे केले, कार्यालयात पाठवले, घरी पाठवले. शाळेच्या दृष्टीने ही शिक्षा होती. मुलाच्या दृष्टीने ही सुटका होती. वाचनाची पाळी जवळ आली की बाक वाजवायचा, शेजाऱ्याला ढकलायचे, सरांना उलट उत्तर द्यायचे आणि मग वाचावे लागत नाही, हे तो काही महिन्यांत शिकला होता. हे त्याने ठरवून केले असे मी म्हणत नाही. पण जे वागणे संकटातून सोडवते ते वाढत जाते आणि शाळा प्रामाणिकपणे, दर आठवड्याला, नेमके तेच वाढवत होती. चौदा वर्षांच्या मुलाला ‘ढ’ म्हणवून घेण्यापेक्षा ‘भाई’ म्हणवून घेणे परवडते, एवढा व्यवहार त्यालाही कळत होता.

वाचनाची पातळी पाहण्यासाठी आम्ही, मुलांचे वाचन व गणित तपासणाऱ्या असर सर्वेक्षणाच्या धर्तीवरची साधी चाचणी घेतली. तिच्यात अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असे टप्पे असतात. दादू सुटे शब्द वाचत होता. परिच्छेदात तिसऱ्या ओळीला त्याची मान खाली गेली. जोडाक्षर आले की तो त्यातला एक वर्ण गाळायचा, ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीचा घोळ व्हायचा आणि मग उरलेले वाक्य तो अंदाजाने पूर्ण करायचा. अंदाज बहुतेक वेळा बरोबर असे, म्हणूनच तो आठवीपर्यंत पोचला होता.

घर

कुटुंब मूळचे साक्री तालुक्यातले. वडील अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार आहेत, पाळी बदलती. आई दोन घरची धुणीभांडी करते. घरी अहिराणी बोलली जाते. नाशिकच्या सिडको-सातपूर भागात हे काही अपवादात्मक नाही, इथल्या निम्म्या गल्ल्यांत संध्याकाळी अहिराणीच ऐकू येते. तरीही शाळेने कधी त्याची दखल घेतलेली दिसली नाही. पहिल्या भेटीत आई एवढेच म्हणाली, “मना पोऱ्या वाईट नही शे, सर. तो घाबरस.” शेऱ्यांच्या वहीतून आम्हाला जे काढावे लागले ते तिला आधीच माहीत होते, फक्त तिला कोणी विचारले नव्हते.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा दादू तिसरीत होता. मुले अक्षरे जुळवण्याच्या टप्प्यातून सलग वाचण्याकडे जातात ते हेच वय. त्याची चौथी पूर्णपणे आणि पाचवीचा मोठा भाग मोबाइलवर झाला. घरात मोबाइल एकच आणि तो वडिलांबरोबर कामावर जाणारा. त्यातले काही महिने कुटुंब गावी होते. पुढे वर्ग वर सरकत गेले आणि मागे राहिलेले वाचन मागेच राहिले. त्याच्या बरोबरीच्या अनेक मुलांचे हेच झाले आणि त्यातली बरीचशी गप्प बसून काम भागवतात. दादू गप्प बसला नाही, म्हणून तो आमच्यापर्यंत पोचला.

वडील दारू घेतात आणि चिडले की पट्ट्याने मारतात, हे दोघांनीही फारसे न लपवता सांगितले. शाळेतून तक्रार आली की त्या रात्री मार ठरलेला. म्हणजे वाचनाच्या भीतीतून वर्गात गोंधळ, गोंधळातून तक्रार, तक्रारीतून मार आणि माराच्या धास्तीने संध्याकाळी घराबाहेर, टपरीवर थोराड मुलांच्या घोळक्यात. त्या घोळक्यात दुचाकी होत्या, रील्स होती आणि कोणीही वाचायला सांगत नव्हते.

वडिलांचा स्वतःचा एक उपाय होता. ‘बिघडलेली मुले सरळ करणाऱ्या’ एका निवासी संस्थेचे पत्रक त्यांच्या खिशात होते: पहाटे चारला उठणे, कडक शिस्त, वर्षभर घरी भेट नाही. असे पत्रक हाती पडले की पालकांनी एकच प्रश्न विचारावा, असे माझे स्पष्ट मत आहे. काळजी व संरक्षणाची गरज असलेली किंवा कायद्याशी संघर्षात आलेली मुले ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेला बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ४१ खाली नोंदणी सक्तीची आहे. तुमची नोंदणी कुठे आहे? वडिलांनी फोन करून विचारले. पलीकडून प्रवेश शुल्कात सवलत देऊ केली गेली, नोंदणीचे उत्तर मिळाले नाही. पत्रक तिथेच संपले.

काय ठरवले आणि कसे चालवले

मुख्याध्यापकांशी झालेल्या समझोत्यानुसार दादूचे नाव शाळेच्या पटावर राहिले. शाळा दुपारच्या सत्रात भरते. तो सकाळी केंद्रात येई आणि दुपारी शाळेत जाई. भाषेच्या आणि इतिहासाच्या तासांना त्याला प्रकट वाचन सांगायचे नाही, एवढी एकच अट शाळेने पाळायची होती. ही अट वर्गशिक्षकांनी मनापासून पाळली. इतिहासाच्या शिक्षकांना ती लाड वाटली आणि त्यांनी तसे बोलूनही दाखवले.

केंद्रात एका गटात दहाच्या आत मुले असतात आणि दारात रोज तीच ताई भेटते. भावनिक अडचणी असलेल्या मुलांसाठी वेळापत्रक ठरलेले असणे आणि माणूस तोच असणे याला फार महत्त्व आहे. ज्याच्या घरी बाप कोणत्या पाळीत आणि कोणत्या मनःस्थितीत येईल याचा भरवसा नाही, त्याला निदान सकाळी नऊला काय होणार हे तरी माहीत असावे. पण लहान गट आणि प्रेमळ ताई एवढ्यावर काम होत नाही. पर्यायी शाळांबद्दल लिहिताना ‘मायेने मुले बदलतात’ असे सर्रास लिहिले जाते. दादूला मायेचा तुटवडा नव्हता, आई होती. त्याला वाचता येत नव्हते आणि वाचता न येण्यापासून पळण्याचा एकच रस्ता माहीत होता.

म्हणून पहिल्या आठवड्यात त्याला दुसरा रस्ता शिकवला. प्रत्येक मुलाच्या नावाची लाकडी पट्टी टेबलावर असते. वाचताना नको वाटले, डोके तापले, तर पट्टी उलटी ठेवायची. काही बोलायचे नाही, कारण सांगायचे नाही. पाच मिनिटे अंगणात जायचे, पाण्याचा माठ भरायचा किंवा नुसते उभे राहायचे. मग परत येऊन त्याच ओळीवर बसायचे जिथे ओळ सोडली होती. या शेवटच्या वाक्यावर सगळा डोलारा उभा आहे. सुटका मागण्याची सभ्य रीत मुलाला दिली नाही, तर तो जुनीच रीत वापरतो. आणि सुटका मिळाल्यावर काम माफ झाले, तर आपण शाळेचीच चूक अधिक गोड शब्दांत करतो. सुरुवातीला दादूची पट्टी बहुतेक वेळ उलटीच असायची. एकदा त्याने ती भिरकावली, शेडच्या पत्र्यावर आपटून ती दुरुस्तीला आलेल्या पाणपंपांच्या मोटारींच्या ढिगात पडली. ताईने दुसरी आणली नाही. त्याने पाच मिनिटांनी तीच शोधून काढली, पुसली आणि ओळीवर येऊन बसला. संक्रांतीपर्यंत पट्टी उलटण्याचे प्रमाण दिवसाला एकदोन वेळांवर आले.

वाचायला काय द्यायचे हा प्रश्न मोठा होता. दुसरीचे पुस्तक चौदा वर्षांच्या मुलापुढे ठेवणे म्हणजे त्याचा अपमान. केंद्रात मोटार रिवाइंडिंगची, म्हणजे मोटारीतील जळकी तार काढून नवी भरण्याची, कार्यशाळा आहे, कारण दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांच्या आणि कांद्याच्या शेतांच्या पाणपंपांमुळे जळालेल्या मोटारींचा इथे तोटा नाही. दादू तिथे रमला. स्टेटरमधून, म्हणजे मोटारीच्या न फिरणाऱ्या भागातून, जळकी तार काढताना तो प्रत्येक कॉइलचे वेढे मोजायचा आणि चुकायचा नाही. मग कार्यशाळेतल्या फिटर काकांनी त्याला वेढे, तारेचा गेज (जाडी), अश्वशक्ती आणि मोटारीचे मिनिटाचे फेरे लिहून ठेवायला सांगितले, कारण ‘लिहिलं नाहीस तर परत भरणार कशी?’ मोटारीच्या पट्टीवरचे आकडे, मग तक्रारीच्या चिठ्ठीवरचे शेतकऱ्याचे म्हणणे, मग त्याने स्वतः लिहिलेली दुरुस्तीची नोंद, अशा क्रमाने त्याचे वाचन पुढे सरकले. ‘विद्युत’, ‘वार्निश’, ‘घर्षण’, ‘दुरुस्ती’ ही त्याची पहिली जोडाक्षरे. ज्या कागदाचे काम आहे तो कागद मूल वाचते. हाताच्या कामातून शिक्षण ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. १९३७ मध्ये वर्ध्यात नई तालीमची मांडणी झाली आणि १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यातील पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला, तोही शाळेबाहेर पडलेल्या मुलांना प्रत्यक्ष कामातून शिकवण्यासाठी. आमची शेड त्यांच्या मानाने फार लहान आहे.

घराबाबत आम्ही एकच मागणी केली: शाळेतून किंवा केंद्रातून आलेल्या कोणत्याही गोष्टीसाठी मारायचे नाही. दारूवर आम्ही पहिल्या दिवशी बोललो असतो तर वडील पुन्हा आले नसते. मार थांबला, पूर्ण थांबला असे नाही, पण शाळेच्या तक्रारीशी असलेले त्याचे नाते तुटले.

ज्याला टाके पडले तो मुलगा

अशा टिपणांत जखमी मूल दुसऱ्या परिच्छेदानंतर दिसेनासे होते, हे मला खटकते. त्या मुलाचे वडील आमच्याकडे आले तेव्हा त्यांचा प्रश्न सरळ होता: मारले त्याने, टाके माझ्या पोराला आणि तुमचे सगळे लक्ष त्याच्यावरच का? या प्रश्नाला ‘त्याचीही बाजू आहे’ हे उत्तर पुरत नाही. त्यांचा मुलगा शाळेत यायला घाबरत होता. दादूची जागा वर्गात कुठे असेल, मधल्या सुट्टीत कोण लक्ष ठेवील, पुन्हा काही झाले तर काय, हे सगळे आम्ही मुख्याध्यापकांसमोर लिहून काढले आणि त्या पालकांना दाखवले. उपचाराचा खर्च दादूच्या वडिलांनी हप्त्याने दिला.

माफी मागायला आम्ही दादूला लगेच नेले नाही. घोकून म्हटलेली माफी समोरच्याला ओळखू येते. जानेवारीत तो स्वतःच म्हणाला, तेव्हा आईबरोबर तो त्यांच्या घरी गेला. त्या मुलाने माफी स्वीकारली नाही. आत जाऊन बसला. त्याच्या आईने चहा दिला. दोघांची मैत्री झालेली नाही आणि ती व्हावी अशी अपेक्षाही आम्ही ठेवलेली नाही.

फेब्रुवारी

फेब्रुवारीत टपरीवरच्या दोघांबरोबर दादू रात्री एका दुचाकीवर सापडला. गाडी तिघांपैकी कोणाचीही नव्हती. पोलीस ठाण्यातून वडिलांना फोन गेला. अठरा वर्षांखालील मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, त्याच्याशी बोलण्यासाठी प्रत्येक ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो आणि गंभीर नसलेल्या प्रकरणात गुन्हा नोंदवण्याऐवजी दैनंदिनीत नोंद करून मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल बाल न्याय मंडळाकडे पाठवायचा असतो. या प्रकरणात तसेच झाले. तो अहवाल तयार होताना केंद्राची हजेरी आणि शेऱ्यांच्या वहीवरून केलेली मांडणी आम्ही जोडली.

मंडळाने समज देऊन मुलाला पालकांच्या ताब्यात दिले आणि केंद्रातील प्रशिक्षण चालू ठेवण्यास सांगितले. बाल न्याय अधिनियमाच्या कलम १८ खाली मंडळाला शाळेत किंवा व्यवसाय प्रशिक्षण केंद्रात हजर राहण्याचा आदेश देता येतो, हे फार थोड्या पालकांना ठाऊक असते. त्यांच्या डोळ्यांसमोर मंडळ म्हणजे उंटवाडीचे निरीक्षणगृह एवढेच येते. दादूच्या बाबतीत एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. घटना रविवारी रात्रीची होती. केंद्र सोमवार ते शनिवार दुपारपर्यंत चालते. आमच्या पद्धतीत संध्याकाळ नाही आणि टपरी संध्याकाळीच भरते.

आठवीनंतरचे रस्ते

आठवीची परीक्षा तो पास झाला. भाषेत काठावर, गणितात बरा. नववीत शाळेत पाठवायचे की नाही, यावर दोन मते होती. वर्गशिक्षकांना तो शाळेत राहावा असे वाटत होते. मला वाटत नव्हते, कारण नववीत कायद्याचे संरक्षण नाही, भाषेचा भार दुप्पट आणि दहावीचा निकाल जपण्यासाठी नववीतच मुले गाळण्याचा प्रकार सगळ्यांना माहीत आहे. निर्णय दादूचा आणि त्याच्या आईचा झाला: शाळा सोडायची, पण दहावी सोडायची नाही. या वेळी दाखल्याचा अर्ज खरोखर त्यांच्या इच्छेने लिहिला गेला.

दहावीचे दोन रस्ते आमच्यापुढे होते. सतरा नंबरचा अर्ज भरून राज्य मंडळाच्या परीक्षेला खाजगी विद्यार्थी म्हणून बसणे हा ओळखीचा मार्ग. त्याचा अडथळा असा की सगळ्या विषयांचा भार एकाच मोसमात येतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत चौदा वर्षे पूर्ण झालेल्याला माध्यमिकसाठी नोंदणी करता येते, भाषेसह किमान पाच विषय घ्यावे लागतात, मराठी माध्यम मिळते आणि पाच वर्षांत नऊ संधींमध्ये एकेक-दोनदोन विषय सोडवत प्रमाणपत्र पूर्ण करता येते. भीतीमुळे अडलेल्या मुलासाठी हे सुटे सुटे करणे हेच औषध आहे. दादूची नोंदणी तिथे झाली.

विषय निवडताना मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात. मुक्त विद्यालयात गणित आणि विज्ञान टाळून दहावी होता येते आणि ‘मुलावर ताण नको’ म्हणून अनेक केंद्रे तोच सल्ला देतात. पण आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन व्यवसायाला गणित व विज्ञानासह दहावी उत्तीर्ण असावे लागते. वायरमनला आठवी चालते. सातपूरची शासकीय आयटीआय दादूच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि त्याला मोटारींचेच काम करायचे आहे. त्याला आज सोपे वाटेल असे विषय देऊन आपण हे दार तीन वर्षे आधीच बंद केले असते. त्याने मराठी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे आणि चित्रकला घेतले. पहिल्या परीक्षेसाठी गणित व चित्रकला ठेवली आहे, मराठी सर्वांत शेवटी.

मराठी शेवटी ठेवण्याचे एक कारण कागदपत्रांचे आहे. विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सियासारखी वाचन-लेखनातील अडचण) २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमात समाविष्ट आहे आणि प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत वाढीव वेळ व लेखनिक यांसारख्या सवलती मिळतात. दादूची अडचण ती आहे की केवळ बुडालेल्या शिक्षणाची, हे तपासणीशिवाय सांगता येणार नाही. अहिराणी घरभाषा आणि चौथी-पाचवीची पोकळी यांमुळे निदान घाईने होऊ नये, असे मानसशास्त्रज्ञांचेही मत पडले. वर्षभर नीट शिकवूनही जोडाक्षरे अडतच राहिली तर तपासणी करायची, असे ठरले. आता तो दुरुस्तीची नोंद न अडखळता वाचतो, वर्तमानपत्रातील बातमी अर्ध्यावर सोडतो. तपासणीची तारीख घेतली आहे.

संध्याकाळसाठी फिटर काकांनी आपल्या दुकानाची वेळ सुचवली आहे. वडिलांना त्याला तिथे पगार हवा आहे. आईला आणि आम्हाला तो नको आहे, कारण हातात रोज पैसे आले की दहावी मागे पडते हे याच गल्लीत अनेकदा पाहिले आहे. या मुद्द्यावर पुढच्या रविवारी तिघांना एकत्र बसवायचे आहे.